औंधचा राजा आणि माजघरातला व्यायाम

व्यायाम करायचा तर तालमीत जायचे, हा महाराष्ट्रातला जुना शिरस्ता. तांबडी माती, लंगोट, वस्तादाची नजर आणि झुंजायला जोडीदार. सात-आठ वर्षांच्या मुलीला या जगात शिरकावच नव्हता. ज्या गावात तालीमच नाही, तिथल्या मुलालाही नव्हता. मुलांचा व्यायाम घराच्या उंबऱ्याआत आणण्याचा एक विलक्षण चिकाटीचा प्रयत्न केला तो औंधचे संस्थानिक भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी. हे औंध पुण्यातले नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले, यमाईच्या डोंगराखालचे.

गंमत अशी, की भवानरावांची स्वतःची सुरुवात विलायती होती. युजेन सँडो या जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटूची पद्धत त्यांनी अनेक वर्षे निष्ठेने अनुसरली. पुढे १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून, ते सूर्यनमस्कारांकडे वळले. १९०९ मध्ये ते गादीवर आले आणि वैयक्तिक नेम हे राज्याचे धोरण बनू लागले.

नमस्कारच का? कारण त्याला काहीच लागत नाही. देह आडवा होईल एवढी जागा पुरे. भवानरावांनी दहा स्थितींचा क्रम सांगितला. त्यात साष्टांग प्रणिपात आहे: दोन पावले, दोन गुडघे, दोन तळहात, छाती आणि कपाळ भूमीला टेकतात. कंबर, पाठ, खांदे, श्वास या सर्वांना एकाच आवर्तनात काम मिळते. पाऊस असो वा परीक्षा, माजघरात तो घालता येतो आणि आईसोबत मुलगीही घालू शकते. राणीसाहेब आणि राजपुत्र स्वतः नमस्कार घालत. तालमीच्या पुरुषी जगाला दिलेला हा छेद, बलसंवर्धनाच्या गाजावाजापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. नमस्काराने रोग पळतात, असे त्या काळी केलेले मोठे दावे मात्र आज जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत.

भवानरावांनी मराठीत पुस्तक लिहिले. १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार महिलेच्या संपादनाखाली लंडनहून इंग्रजी पुस्तकही निघाले. पण नुसत्या पुस्तकावर त्यांचा विश्वास नसावा. संस्थानच्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. १९३९ मध्ये स्वतःची सत्ता लोकप्रतिनिधींच्या हाती देणारा हा राजा. मुलांच्या व्यायामाबाबत मात्र त्याने हुकमाचा मार्ग पत्करला, हा विरोधाभास नजरेआड करण्याजोगा नाही.

त्याहून अवघड प्रश्न मंत्रांचा. भवानरावांच्या पद्धतीत बीजमंत्र आणि सूर्याची नावे हा व्यायामाचाच भाग होता. मग शाळेतला नमस्कार कसरत की उपासना? संस्थानी राज्यात या प्रश्नाला फारशी जागा नव्हती. लोकशाहीत तो उभा राहणारच होता. २००७ मध्ये मध्य प्रदेशातील शाळांत सामूहिक सूर्यनमस्काराचा कार्यक्रम झाला, तेव्हा मुस्लिम संघटनांनी नेमका हाच आक्षेप घेतला.

औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. राजाज्ञाही त्याबरोबर गेली. भवानरावांचे पुत्र अप्पा पंत पुढे राजनैतिक सेवेत गेले, नैरोबीपासून लंडनपर्यंत देशोदेशी राहिले. १९७० मध्ये त्यांनीही एक इंग्रजी पुस्तक लिहिले. विषय होता, बालपणी वडिलांनी लावलेला सूर्यनमस्कार.