यंत्र कोणाच्या मालकीचे? मोन्द्रागोनचा सहकार आणि आपला ऊसफड

यंत्रमानव आणि एआयमुळे रोजगार जाणार, ही भीती आता आपल्या शिबिरांतही बोलली जाते. बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात यंत्रविरोधाचा समाचार घेतला होता. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांकडे नेणाऱ्या समाजरचनेचा आहे, ही त्यांची मांडणी. म्हणून भांडवलशाहीला पर्याय शोधताना आम्ही आधी मालकी कोणाची, हे विचारतो.

स्पेनच्या बास्क प्रदेशात मोन्द्रागोन येथे १९५६ मध्ये पाच तरुणांनी स्टोव्हचा सहकारी कारखाना काढला. आज या समूहात सुमारे ७० हजार लोक काम करतात. सभासद कामगारच मालक. भांडवल कितीही असो, मत एकच. वरिष्ठांचा पगार सर्वात कमी पगाराच्या साधारण सहापटीपर्यंत. यातील काही संस्था स्वयंचलित यंत्रेच बनवतात! २०१३ मध्ये घरगुती उपकरणांची फागोर कंपनी बुडाली, तेव्हा तिच्या अनेक सभासदांना समूहातील इतर संस्थांनी सामावून घेतले. मात्र परदेशातील कारखान्यांचे कामगार बहुतेक पगारीच आहेत, ही मोठी उणीव.

आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यात सभासद ऊस उत्पादक असतो. ऊसतोड कामगाराला तिथे मत नाही. आता फडात हार्वेस्टर येतो आहे, त्याला सरकारी अनुदानही मिळते. तोडणी टोळ्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढून तिच्याच नावावर हार्वेस्टर मागावा, असे आम्हाला वाटते.