इंदुरातल्या खाऱ्या टाकीची कुळकथा

इंदूरच्या सराफ्यात पोवळं पिढ्यान्‌पिढ्या विकलं जातं. मंगळासाठी अंगठीत, नवरत्नांच्या हारात, शिवाय वैद्यांकडे प्रवाळभस्म म्हणून. दागिन्यातलं लाल पोवळं बहुतेक भूमध्य समुद्रातलं. एका प्राण्याचा सांगाडा घासून, झिलई देऊन केलेला मणी. तेव्हा प्रवाळ मालव्याला नवं नाही. नवं आहे ते जिवंत प्रवाळ. दिवाणखान्यात साठ-सत्तर लिटरची काचेची टाकी, निळसर उजेड, खारं पाणी, दगडांची लहानशी रास आणि त्या राशीवर पाण्याच्या हेलकाव्यासरशी डुलणारे बोटभर प्राणी. समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवरच्या शहरात ही टाकी पाहून पाहुणे हमखास विचारतात, की समुद्र राहिला मुंबईला, मग हा खटाटोप इथे कशाला?

मला उलट वाटतं, की ही टाकी इथेच शोभते. किनाऱ्यावर राहणाऱ्याला समुद्र घरात आणायची गरज पडत नाही. ओहोटी लागली की तो खडकांतल्या डबक्यांवर वाकून सगळं पाहू शकतो. घरातली खारी टाकी घडवली ती मुख्यतः समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनी, आणि तिच्यातली जवळजवळ प्रत्येक सुधारणा एकाच अडचणीतून निघाली: समुद्र हाताशी नाही.

1832 च्या सुमारास सिसिलीतल्या मेसिना इथे जान व्हिलप्र-पॉवर या बाईंनी आर्गोनॉट नावाच्या अष्टपादाचा अभ्यास करण्यासाठी काचेच्या पेट्या बनवल्या. मत्स्यालयाच्या इतिहासात त्यांचं नाव पहिलं घेतात ते योग्यच आहे. पण मेसिना हे बंदर. ताजं पाणी दारात. खरी कसोटी लागली ती लंडनमध्ये, ॲना थिन यांच्या घरी. यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीत धर्माधिकारी, बाईंना भूगर्भशास्त्राची आवड. 1846 मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना खडकाला चिकटलेलं एक लहान दगडी प्रवाळ दिसलं. जीवाश्मांत पाहिलेला प्राणी इथे जिवंत, तोंडाभोवतीचे तंतू पसरून बसलेला. बाईंनी असे काही प्राणी घेतले, ते हेलकाव्यांनी आपटू नयेत म्हणून सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजाला टाचले आणि समुद्राच्या पाण्याच्या बरणीतून लंडनला नेले.

सुरुवातीला किनाऱ्यावरून पाणी मागवून त्या एक दिवसाआड ते बदलत. पाणी वेळेवर मिळेना तेव्हा आहे तेच पाणी त्यांनी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायला लावलं. रोज अर्धा-पाऊण तास, पाण्यात हवा खेळावी म्हणून. हे काम घरातल्या मोलकरणीच्या अंगावर पडलं. आज तेच काम पंचवीस वॅटांहून कमी विजेवर चालणारा पंप करतो, पण या टाकीचं पहिलं यंत्र म्हणजे एका कष्टकरी बाईचे दोन हात, हे विसरून चालणार नाही. पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्रशेवाळ सोडलं. उजेडात शेवाळ प्राणवायू सोडतं, प्राण्यांची विष्ठा शेवाळाला खत होते. ओताओत कमी झाली आणि ते प्राणी लंडनमध्ये सुमारे तीन वर्षं जगले, त्यांना पिल्लंही झाली. तिकडे रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनज्ञ गोड्या पाण्यात हेच पडताळत होता: सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि कुजकी पानं खाणाऱ्या गोगलगाई. 1850 मध्ये त्याने हा समतोल कागदावर मांडला.

मग आला फिलिप हेन्री गॉस हा निसर्गअभ्यासक. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, 1854 मध्ये गॉसचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं, आणि इंग्लंडच्या घराघरांत या टाक्यांचं वेड पसरलं. माझ्या दृष्टीने मात्र गॉसचं मोठं काम पुस्तकाचं नव्हे, तर पाण्याचं. समुद्राचं पाणी लंडनला आणणं महाग आणि कटकटीचं, म्हणून त्याने ते घरीच बनवलं: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, एवढे चार क्षार नळाच्या पाण्यात विरघळवून. समुद्रशेवाळ आणि छोटे प्राणी त्यात जगले. चुन्याचे क्षार त्याने गाळले. ते नीट विरघळत नाहीत आणि साध्या पाण्यात थोडाफार चुना असतोच, असा त्याचा विचार. फुलासारख्या मऊ समुद्री प्राण्यांना त्याने काही बिघडत नव्हतं. ज्याला दगडी सांगाडा बांधायचा आहे, त्याचं मात्र बिघडतं. ही उणीव भरून निघायला शंभरावर वर्षं गेली.

त्याच काळातली एक खंत सांगायला हवी. गॉसचा मुलगा एडमंड याने 1907 मध्ये लिहिलेल्या आठवणींत नोंदवलं आहे, की वडिलांच्या पुस्तकांमुळे हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर उतरल्या आणि खडकांतली ती डबकी ओरबाडून रिकामी झाली. या छंदाच्या रक्तातच हा दोष आहे, आणि आजही त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

थिनबाईंचं प्रवाळ मंद उजेडात जगलं, कारण थंड समुद्रातल्या त्या जातीला उन्हाची गरज नव्हती. उष्ण कटिबंधातली प्रवाळं वेगळी. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर साखर बनवून प्रवाळाला पोसतं. लंडनच्या खिडकीतल्या उजेडावर ती टिकणं शक्यच नव्हतं. त्यात टाकीच्या लोखंडी चौकटी खाऱ्या पाण्याने गंजत. मासा मरतो तो पाण्यात साचलेल्या अमोनियाने, आणि त्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू विनोग्राडस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास वेगळे करून दाखवले. नुसत्या काचा एकमेकींना चिकटवणारा सिलिकोन 1960 च्या दशकात टाक्यांसाठी वापरात आला. समुद्रक्षारांची तयार पुडी बाजारात मिळू लागली तीही त्याच दशकात.

किनाऱ्यावरच्या एका माणसाने मात्र या घराण्यात मोलाची भर घातली. जकार्तामधल्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकात आपली पद्धत लिहिली. गाळण्या वगैरे काही नाही. समुद्रातला सच्छिद्र दगड त्यातल्या सगळ्या जीवांसकट उचलून टाकीत ठेवायचा आणि हवेचे बुडबुडे सोडायचे. दगडाच्या पोटातले जिवाणूच पाणी स्वच्छ ठेवतात. जकार्ताला हे सोपं होतं, कारण खडक बोटीच्या अंतरावर होते.

बर्लिनला ते सोपं नव्हतं. तिथल्या हौशी मंडळींनी ली यांचा दगड घेतला आणि त्याला रसायनशास्त्राची जोड दिली. दोन गोष्टी त्यांनी रूढ केल्या. पहिली, स्किमर. उभ्या नळीत बारीक बुडबुड्यांचा लोट सोडला की पाण्यातला सेंद्रिय मळ बुडबुड्यांना चिकटून वर येतो. गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी काढतात तसा तो वरच्या पेल्यात वेगळा होतो. दोन दिवसांनी पेला उघडला की काळपट चहाच्या रंगाचं, सडक्या मासळीच्या वासाचं पाणी हाती येतं. एवढी घाण त्या नितळ पाण्यात होती यावर विश्वास बसत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चुन्याची निवळी. पीटर विल्केन्स यांनी 1970 च्या दशकात जर्मन भाषेत लिहिलेल्या पुस्तकातून ती सगळीकडे गेली. शाळेच्या प्रयोगशाळेत फुंकर मारून दुधाळ करतात तीच ही निवळी. लिटरभर शुद्ध पाण्यात दीड-दोन ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड घालून ढवळायचं, झाकून ठेवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी थेंबथेंब टाकीत सोडायचं. प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतं. ही निवळी दोन्हींची भरपाई करते. सोडायची ती रात्री, कारण अंधारात शैवालाचं काम थांबतं, पाण्यात कर्बवायू साचतो आणि पाणी आम्लतेकडे झुकतं. निवळीचा तीव्र अल्कधर्म ते सावरतो. भसकन ओतली तर मात्र तासाभरात सगळं मरू शकतं. पानाच्या टपरीवरचा चुना यासाठी वापरू नये, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

निवळीचं गणित मालव्यात फार चांगलं जमतं. टाकीतून पाणी उडतं, क्षार मागे राहतात. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालावं लागतं. ते नुसतं न घालता निवळीच्या रूपाने घालतात. म्हणजे जितकं पाणी उडेल तितकीच निवळी देता येते. मुंबईच्या दमट हवेत पाणी सावकाश उडतं, तिथे निवळी अपुरी पडू शकते. इंदूरच्या एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते, की लहान टाकीची पातळी रोज डोळ्यांना दिसेल एवढी उतरते. उन्हाळ्याचं कामही याच कोरडेपणाने निभतं. बाहेर पारा चाळिशीपार गेला तरी टाकीला 25 ते 27 अंश हवेत. पाण्याच्या पृष्ठावर एक छोटा पंखा तिरपा लावला की उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं आणि तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. पावसाळा लागला की ही युक्ती लंगडी पडते, आणि डिसेंबरच्या थंडीत उलट हीटर लावावा लागतो.

पाण्याची कथा आणखी लांबची आहे. इंदूरच्या नळाला येतं ते बहुतांशी नर्मदेचं पाणी. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर नळांतून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून ते आणतात. या योजनेचा पहिला टप्पा 1978 मध्ये पुरा झाला. या पाण्यातलं क्लोरीन आणि इतर विरघळलेलं सगळं काढून टाकण्यासाठी ते आधी आरओतून काढायचं, मग लिटरमागे साधारण 35 ग्रॅम समुद्रक्षार घालून रात्रभर ढवळत ठेवायचं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्राच्या क्षारांत सुमारे 85 टक्के वाटा सोडियम आणि क्लोरीनचा असला, तरी उरलेल्या 15 टक्क्यांत मॅग्नेशियम, गंधकाचे क्षार, कॅल्शियम, पोटॅशियम असं सगळं येतं आणि प्रवाळाचं पोट त्यावर आहे. तांब्या-पितळेची भांडी या कामाला चुकूनही वापरायची नाहीत. तांब्याचा अंशही या प्राण्यांना विष आहे.

याच नर्मदेच्या खोऱ्यात एके काळी समुद्र होता. धार जिल्ह्यातल्या बागच्या परिसरात सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वीचे सागरी चुनखडक उघडे पडले आहेत. त्यांत शिंपले, समुद्री साळू, शार्कचे दात सापडतात. तिथल्या एका थराला भूशास्त्रज्ञांनी प्रवाळी चुनखडक म्हटलं, पण त्यातले बहुतेक जीव प्रवाळ नव्हेत, तर त्यांच्यासारखे फांद्या करून राहणारे ब्रायोझोआ नावाचे वसाहती प्राणी आहेत. पुढे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर पसरले आणि मालव्याचं पठार तयार झालं. इंदूरची काळी माती त्या लाव्ह्याची.

भारतात लोकांनी समुद्री प्राणी काचेआड पाहिले ते आधी सार्वजनिक मत्स्यालयांत. मद्रासच्या मरीनावर 1909 मध्ये एक उघडलं, ते दुसऱ्या महायुद्धात बंद पडलं. मराठी माणसाच्या मनात मात्र मत्स्यालय म्हणजे मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला. 1951 मध्ये, पारशी दानशूराच्या देणगीतून उभं राहिलेलं. सुट्टीत मुंबईच्या नातेवाइकांकडे गेलेल्या इंदुरी मुलांनी रंगीत समुद्री मासे पहिल्यांदा पाहिले ते बहुधा तिथेच.

प्रवाळांसाठी आपला समुद्र समृद्ध आहे. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात, कच्छचं आखात, शिवाय मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची प्रवाळं, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आंग्रिया बँक हे पठार. यातलं काहीही टाकीत आणता येत नाही. 2001 मध्ये सर्व दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. किनाऱ्यावरून जिवंत दगड उचलून आणणं हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच असला पाहिजे. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जे झालं ते मालवणला होता कामा नये. म्हणून दुकानदार ‘रामेश्वरचा माल’ म्हणून दगड पुढे करू लागला, तर पैसे खिशात ठेवून बाहेर पडावं.

मग टाकीत ठेवायचं काय? कारखान्यात भाजलेले सच्छिद्र दगड आणि बाटलीतून मिळणारे जिवाणू. चार ते सहा आठवडे टाकी नुसती चालू ठेवायची. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच पहिला जीव सोडायचा. मासा घ्यायचा तो टाकीतच जन्मलेला. क्लाउनफिशची बंदिस्त पैदास फ्लॉरिडात मार्टिन मो यांनी 1970 च्या दशकात यशस्वी केली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने अनेक जातींची पैदास बसवली आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठानाने क्लाउनफिशची उबवणी चालवली आहे. क्लाउनफिशची दोन लहान पिल्लं आणली तर सुरुवातीला त्यांतलं एकही मादी नसतं. त्यातलं जे मोठं आणि दांडगं होतं ते मादी बनतं.

प्रवाळांपैकी मऊ जाती आणि बटणासारखे झोअँथिड आधी जमतात. झोअँथिड मात्र हातमोज्यांशिवाय हाताळू नयेत, काहींच्या अंगात जबर विष असतं. घेण्याआधी कुणाच्या टाकीत वाढलेला तुकडा आहे का ते विचारावं. बर्लिनच्या डीट्रिश श्ट्यूबर यांच्या टाकीत दगडासोबत आलेलं एक फांद्यांचं प्रवाळ वाढलं. त्याच्या फांद्या तोडून त्यांनी इतरांना दिल्या, त्यांनी पुढे आणखी कुणाला दिल्या, आणि असंख्य टाक्यांत ते एकच प्रवाळ पसरलं. तुकडा देणाऱ्याला त्याच्या पाण्याची क्षारता आणि तापमान विचारून घ्यावं, आपलं पाणी तितकंच करावं, आणि पहिले काही दिवस तो उजेडापासून जरा दूर, टाकीच्या तळाशी ठेवावा. इंदुरात हे सगळं सुरू करायला दसऱ्यानंतरचे दिवस बरे. उन्हाळा येईपर्यंत टाकी मुरलेली असते.