पंखांचा हिशेब

आकाशात घार घिरट्या घालताना दिसली, की आपली मान आपोआप वर होते. पंख न हलवता ती तरंगते कशी? हाच प्रश्न जर्मनीतील आन्क्लाम गावच्या दोन भावांना करकोचे पाहून लहानपणीच पडला होता. ऑटो आणि गुस्ताव लिलिएंथाल ही त्यांची नावे.

ऑटो पुढे इंजिनियर झाला, त्याने कारखाना काढला. पण करकोचे डोक्यातून गेले नाहीत. कोणत्या आकाराच्या पंखाला वारा किती उचलतो, याची मोजमापे त्याने वर्षानुवर्षे घेतली आणि १८८९ मध्ये पुस्तकरूपाने छापली. त्यानंतरच, १८९१ साली, विलोच्या काठ्या आणि सुती कापड यांचे पंख घेऊन वयाच्या ४३व्या वर्षी तो झेपावला. अंतर भरले जेमतेम २५ मीटर. पुढे त्याने बर्लिनजवळ १५ मीटर उंचीची टेकडीच रचून घेतली. पाच वर्षांत सुमारे दोन हजार उड्डाणे झाली. काही तर २५० मीटरपर्यंत गेली.

पण एक उणीव राहिली होती. तोल सावरायला त्याच्याजवळ फक्त स्वतःचे शरीर होते. लोंबकळत ते मागेपुढे झुकवायचे. ९ ऑगस्ट १८९६ रोजी हवेतच वेग संपला आणि तो सुमारे १५ मीटरवरून कोसळला. मणका मोडला. दुसऱ्या दिवशी ४८ वर्षांचा ऑटो बर्लिनमध्ये मरण पावला.

अमेरिकेत डेटन गावी सायकलींचे दुकान चालवणाऱ्या विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या भावांनी ही बातमी वाचली. ‘कशाला हा जिवाशी खेळ?’ असे न म्हणता ‘तो पडला का?’ असे त्यांनी विचारले. नुसत्या शरीराने तोल राहत नाही, हे ओळखून त्यांनी पंखांनाच पीळ देण्याची युक्ती काढली. ऑटोचे आकडेही १९०१ मध्ये लाकडी पेटीत वारा खेळवून पुन्हा तपासले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान १२ सेकंद उडाले.

याच भावांनी, दोघांनी एकत्र उडायचे नाही, असा शब्द वडिलांना दिला होता. एक गेला, तर दुसऱ्याने काम पुढे न्यावे, म्हणून. हा नेम त्यांनी एकदाच, १९१० मध्ये, वडिलांच्या परवानगीने मोडला. उडण्याचे वेड त्यांना कमी नव्हते. पण धोक्याचा हिशेब त्यांनी आधीच मांडून ठेवला होता. साहस आणि बेफिकिरी यांत फरक आहे तो एवढाच.