पाहुण्याची छबी आणि लष्करची गल्ली

प्रवासाला निघण्याआधीच मुक्कामाच्या गावातला छायाचित्रकार मोबाइलवरून ठरवायचा, तासा-दोन तासांचे पैसे आगाऊ भरायचे आणि गावात पोहोचल्यावर त्याने निवडलेल्या रस्त्यांवरून, बाजारांतून हिंडत स्वतःची छायाचित्रे काढून घ्यायची, ही पद्धत गेल्या दहा-पंधरा वर्षांत पर्यटनाच्या धंद्यात रुळली आहे. कॅनडातील व्हिक्टोरिया शहरात २०१३ मध्ये सुरू झालेल्या फ्लायटोग्राफर या कंपनीने पाहुण्याची स्थानिक छायाचित्रकाराशी गाठ घालून देणे हाच आपला व्यवसाय केला, २०१६ मध्ये एअरबीएनबीने निवासाच्या जोडीला ‘अनुभव’ विकायला काढले तेव्हा त्यांत असे भटकंतीचे छायाचित्रणही आले, आणि भारतात लग्नाआधीच्या फोटोशूटची हौस वाढत गेल्याने या मागणीला मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाचीही भर पडली. धंद्याचे हे रूप नवे असले, तरी परगावी आलेल्या माणसाने तिथल्या पार्श्वभूमीवर आपली छबी पैसे देऊन काढून घेण्याची चाल जुनी आहे. तिच्या इतिहासात खरोखर नवी गोष्ट एकच, ती म्हणजे बाजारातली गल्ली ही पार्श्वभूमी म्हणून निवडली जाणे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दाना ओलीसारखी गल्ली दीर्घकाळ छायाचित्रांबाहेर का राहिली, हे पाहिले म्हणजे या चालीचा प्रवास नीट उलगडतो.

लष्कर हे ग्वाल्हेरच्या तीन वस्त्यांपैकी एक होय. किल्ल्याच्या पायथ्याशी जुने ग्वाल्हेर होते, मुरारला पुढे इंग्रजांची छावणी पडली, आणि दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला जो तळ टाकला, त्याच्या तंबूंच्या जागी हळूहळू वाडे, देवळे आणि बाजार उभे राहून त्या वस्तीला लष्कर हेच नाव कायमचे चिकटले. दरबाराबरोबर आलेले मराठी सरदार, कारकून, भिक्षुक आणि गवई इथेच स्थिरावले. गोरखी हा शिंद्यांचा जुना वाडा आणि त्यालगतचा महाराज बाडा हा चौक या वस्तीचे मध्य ठरले, आणि चौकाच्या आसपास सराफा, दौलतगंज, दाना ओली असे बाजार वसले. ओली म्हणजे एका जातीच्या मालाच्या दुकानांची रांग. नागपुरात इतवारीच्या सराफा ओळीमुळे हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. धान्याच्या व्यापाराचे नाव आजही मिरवणारी ही गल्ली चौकाच्या इतकी जवळ असूनही एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या छायाचित्रकारांचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही, आणि याची कारणे आधी त्या काळच्या तंत्रात, मग त्या काळच्या गिऱ्हाइकात शोधावी लागतात.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेच्या पट्टीवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतून ते सारखे पसरवायचे, मग अंधारात ती पट्टी सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि पुन्हा अंधारात नेऊन लगेच धुवायची, असा सगळा खटाटोप असे. पट्टी वाळली की चित्र गेले. त्यामुळे छायाचित्रकाराला अंधारी राहुटी, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि पाणी हे सगळे जागेवर लागे, आणि मध्य भारताच्या उन्हाळ्यात, जिथे लेप वाळायला वेळ लागत नाही, तिथे हाती असलेली मिनिटे आणखीच कमी होत. सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये हिमालयात गेला तेव्हा त्याचे हे सामान वाहायला तीसएक हमाल होते. पाठीवर ओझी घेतलेल्या माणसांची रहदारी, हातगाड्या आणि जनावरे असलेल्या अरुंद बाजारात राहुटी मारायला जागा कुठली? शिवाय दोन्ही बाजूंच्या माड्यांमुळे गल्लीत उजेड कमी पोहोचे, कमी उजेडात प्रकाश द्यायला कित्येक सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळात हलणारा माणूस काचेवर धूसर रेघ होऊन उरे किंवा अजिबात उमटत नसे. त्या काळच्या रस्त्यांच्या चित्रांत भर बाजार ओसाड दिसतो तो याचमुळे.

या अडचणीवर मुंबईत एक युक्ती निघाली, आणि आजच्या रस्त्यावरच्या फोटोशूटची पूर्वपीठिका म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्याशी संबंधित होते, आणि नारायण दाजी स्वतः कसलेले छायाचित्रकार होते. याच शहरात विल्यम जॉन्सन याने मुंबईचे रहिवासी आणि तिथे येणारे परदेशी-परप्रांतीय लोक यांच्या छायाचित्रांचा ग्रंथ १८६३ पासून प्रसिद्ध केला. त्यातली माणसे वेगळी टिपलेली आणि मागची ठिकाणे वेगळी टिपलेली, असे दोन तुकडे जुळवून त्यातली बरीच चित्रे सिद्ध केलेली आहेत; म्हणजे जी मंडळी मुंबईच्या एखाद्या वास्तूपुढे उभी दिसतात, ती छायाचित्र काढताना तिथे नव्हतीच. रस्ता आणि माणूस एका चौकटीत हवेत, ही हौस तंत्राच्या आधी जन्मली होती, असे यावरून खुशाल म्हणता येते.

ग्वाल्हेरला आलेल्या सुरुवातीच्या परदेशी प्रवाशांपैकी लुई रूसले या फ्रेंच माणसाची गोष्ट निराळी. १८६३ ते १८६८ या काळात त्याने भारतात प्रवास केला, बरोबर न्यायला योग्य छायाचित्रकार मिळेना म्हणून तो स्वतःच ही कला शिकला, आणि जयाजीराव शिंद्यांच्या ग्वाल्हेरचे वर्णन त्याने १८७५ मध्ये पॅरिसला निघालेल्या आपल्या राजेरजवाड्यांवरील ग्रंथात केले. त्या ग्रंथातील चित्रे मात्र छायाचित्रांवरून लाकडी ठशांवर कोरलेली आहेत, कारण छायाचित्र जसेच्या तसे पुस्तकात छापणे तेव्हा खर्चाचे आणि जिकिरीचे होते. कोरणारा कारागीर ओसाड दिसणाऱ्या चौकात माणसे, हत्ती, घोडेस्वार आपल्या अंदाजाने भरू शके, त्यामुळे या चित्रांतली गर्दी पुरावा म्हणून वापरताना हात आखडता घेतलेला बरा.

तंत्राइतकेच महत्त्वाचे कारण गिऱ्हाईक हे होते. लाला दीनदयाळ यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याची जी छायाचित्रे काढली, ती मध्य भारताचे एजंट सर लेपल ग्रिफिन यांच्या दौऱ्यात. १८४४ मध्ये सरधन्याला जन्मलेले आणि रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकलेले दीनदयाळ त्या वेळी इंदूरच्या सरकारी कचेरीत नकाशे काढण्याच्या कामावर होते, आणि ही चित्रे ग्रिफिन यांच्या मध्य भारतातील वास्तूंवरील ग्रंथात १८८६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. १८८६ हेच ते वर्ष, ज्या वर्षी १८५८ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेला किल्ला झाशीच्या बदल्यात शिंद्यांना परत मिळाला. सरकारला वास्तूंची नोंद हवी होती, म्हणून मानमंदिर, सास-बहूची देवळे आणि तेली मंदिर यांची चित्रे निघाली. दरबाराला वैभवाची साक्ष हवी होती, म्हणून राजवाडा, हत्ती आणि सरदारांचे समूह टिपले गेले. बाजाराची छायाचित्रे मागणारे कोणी नव्हते, आणि त्या काळी मागणीशिवाय काच खर्ची घालणारे छायाचित्रकार अपवादानेच सापडतात.

पाहुण्याची छबी ही कल्पनाही ग्वाल्हेरात दरबारातूनच आली. सर मायकेल फिलोस यांच्या आराखड्यानुसार जयाजीरावांनी बांधलेला जयविलास राजवाडा १८७४ मध्ये पूर्ण झाला, आणि इंग्लंडचे युवराज एडवर्ड १८७६ च्या आरंभी ग्वाल्हेरला आले तेव्हा त्यांचा पाहुणचार तिथेच झाला. अशा भेटींत यजमान आणि पाहुणे यांचे एकत्र छायाचित्र काढणे हा शिष्टाचाराचा भाग होऊन बसला, माधवराव शिंद्यांच्या काळात शिकारीच्या आणि मेजवान्यांच्या चित्रांनी त्यात भर घातली, आणि छायाचित्राची प्रत भेट देणे हे पोशाख देण्याच्या जोडीला जाऊन बसले. पॅरिसच्या दिस्देरी याने १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक छोट्या छब्या घेण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळवल्यापासून, भेटकार्डाएवढी ही चित्रे जगभर स्वस्त झाली होती, आणि पुढे संस्थानी शहरांतील वाड्यांत नऊवारी नेसून खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या स्त्रिया, पगडी सावरून बसलेले कर्ते पुरुष यांच्या चित्रांनी दिवाणखान्याच्या भिंती भरल्या. या चित्रांतली मागची कमान, कठडा किंवा बाग बहुधा रंगवलेल्या पडद्यावरची असे. घराबाहेरचा खरा रस्ता कुणालाच दाखवायचा नव्हता.

संस्थानी नोंदीच्या बाबतीत एका मराठी माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याची धुरा वाहिली, गुजरी महालात संग्रहालय उभे केले आणि खात्याचे अहवाल छायाचित्रांसह सिद्ध केले. १९३४ मध्ये त्यांचा ग्वाल्हेरच्या पुरातत्त्वावरील ग्रंथ निघाला. परंतु पुरातत्त्वाचा कॅमेरा वास्तूकडेच तोंड करून उभा असतो, आणि त्या चौकटीत माणूस आलाच तर खांबाची उंची कळावी म्हणून.

कॅमेरा रस्त्यावर उतरला तो कोरड्या काचेमुळे आणि फिल्ममुळे. रिचर्ड मॅडॉक्स याची जिलेटिनच्या लेपाची पद्धत १८७१ मध्ये प्रसिद्ध झाली, १८८८ मध्ये शंभर चित्रांची फिल्म भरलेला कोडॅक कॅमेरा विक्रीस आला, १९२५ मध्ये लायका हा खिशात मावण्याजोगा कॅमेरा बाजारात दाखल झाला. यानंतर प्रवासी स्वतःच चित्रे काढू लागले. पण जो काढतो तो चित्रात नसतो ही अडचण उरलीच, आणि तिच्यावर जगभर एक फिरता धंदा उभा राहिला. इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्याचे चालतानाच चित्र टिपून त्याच्या हाती पावती देणारे छायाचित्रकार दोन महायुद्धांच्या दरम्यान सर्रास दिसत, आणि डब्लिनच्या ओकॉनेल पुलावर आर्थर फील्ड्स या एकाच माणसाने १९३०च्या दशकापासून अर्धशतकभर हेच काम केले.

भारतात हे काम खोक्याच्या कॅमेऱ्याने केले. तिपाईवर ठेवलेल्या लाकडी पेटीच्या बाजूला कापडी बाही शिवलेली असे. छायाचित्रकार तीतून हात आत घालून, न पाहता, केवळ चाचपून कागदाचा तुकडा जागेवर बसवी, भिंगावरची टोपी काढून मोजके क्षण उजेड देई, आणि पेटीतल्याच वाट्यांत तो कागद धुऊन उलटे चित्र तयार करी, मग त्याच उलट्या चित्राचे पेटीसमोर पुन्हा चित्र घेऊन सुलटे करी. गिऱ्हाईक समोर उभे असतानाच ओला फोटो त्याच्या हातात पडे. जत्रांमध्ये याच्या जोडीला विमान, मोटार किंवा महालाचे रंगवलेले पडदे आले. पंढरपूरला विठ्ठल-रखुमाईच्या पडद्यापुढे, नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींच्या चित्रात भक्तांच्या छब्या चिकटवून, यात्रेकरूला देवासह घरी जाता येऊ लागले. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा याच प्रकारच्या हौसेचा काळ पाहत मोठा झाला. मुंबईत गेट वे ऑफ इंडियासमोर परवानाधारक छायाचित्रकारांनी पोलरॉइडपासून खांद्यावरच्या छोट्या प्रिंटरपर्यंत सगळी साधने वापरली, आणि आग्र्याच्या ताजमहालात पुरातत्त्व खात्याच्या परवान्याने काम करणाऱ्यांनी संगमरवरी बाकावरची ठरलेली बैठक लाखो घरांत पोहोचवली. यांतला एकही फोटो आगाऊ ठरवलेला नसे. गिऱ्हाईक समोरून येई, घासाघीस होई, काम तिथेच आटपे.

आगाऊ नोंदणीने हा क्रम उलटा केला. पाहुण्याला गाव माहीत होण्याआधी त्या गावातले चित्र कसे हवे हे माहीत असते, छायाचित्रकार मार्ग, वेळ आणि कपड्यांचे रंग सुचवतो, आणि स्मारकाऐवजी वस्ती मागितली जाते, कारण किल्ल्यापुढचे चित्र प्रत्येकाकडे असते. १९८८ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या शताब्दी एक्सप्रेसने ग्वाल्हेर दिल्लीपासून काही तासांवर आणले, युनेस्कोने २०२३ मध्ये संगीतासाठी या शहराचा सर्जनशील शहरांच्या जाळ्यात समावेश केला, आणि आग्र्याहून ओरछा-खजुराहोकडे जाणाऱ्यांचा इथे एक मुक्काम पडू लागला. अशा प्रवाशाला दाना ओलीसारखी गल्ली हवीशी वाटण्यामागे एक तांत्रिक गंमतही आहे: ज्या अपुऱ्या उजेडामुळे ओल्या काचेचा छायाचित्रकार गल्ली टाळत असे, तोच माड्यांच्या सावलीतला मवाळ उजेड आजच्या संवेदनशील कॅमेऱ्याला चेहऱ्यासाठी सर्वांत सोयीचा ठरतो. दुकाने उघडण्याच्या सुमाराची सकाळची वेळ म्हणूनच या कामाला पसंत केली जाते, आणि नेमकी तीच वेळ माल उतरवण्याची असते.

इथे जुन्या चित्रांत नसलेला एक दोष उघड दिसतो. जॉन्सनच्या मुंबईत रस्ता मागाहून जोडला जाई, पंढरपुरात पार्श्वभूमी पडद्यावर रंगवलेली असे. त्या दोन्ही ठिकाणी रस्त्यावरच्या माणसाला त्रास नव्हता. दाना ओलीत मात्र पार्श्वभूमी जिवंत आहे, तिच्यात तराजू धरलेला दुकानदार आहे, पोती वाहणारा हमाल आहे, आणि छायाचित्रकाराचा व कंपनीचा मोबदला ठरलेला असताना या मंडळींचा हिशेबात कुठेच उल्लेख नसतो. चौकटीत त्यांना गर्दी म्हणून घेतले जाते किंवा बाजूला व्हायला सांगितले जाते, आणि हे दोन्ही सारखेच गैर आहे.

केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या बाबतीत १९५९ चे नियम आहेत. त्यांनुसार हातातल्या कॅमेऱ्याने चित्र काढायला हरकत नाही, मात्र तिपाई लावायची असल्यास किंवा चित्रीकरण करायचे असल्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि ग्वाल्हेरचा किल्ला याच नियमांखाली येतो. बाजारातल्या गल्लीला असा कोणताही विशेष नियम नाही. तेव्हा लष्करात फोटोशूट ठरवणाऱ्याने आपल्या छायाचित्रकाराला पैसे भरण्यापूर्वीच विचारावे, की ज्या दुकानापुढे उभे राहायचे त्याच्या मालकाशी आधी बोलणे झाले आहे का, आणि माल उतरवण्याची वेळ टाळली आहे का.