घराला दप्तर नसते

स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत परिचित प्रकाराचा वैद्यकीय इतिहास एका घराच्या असमर्थतेपासून सुरू होतो. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टमधील एका रेल्वे कारकुनाची ५१ वर्षांची पत्नी तेथील मनोरुग्णालयात दाखल झाली. तिला घरी सांभाळणे नवऱ्याला अशक्य झाले होते. अलॉइस अल्झायमर या डॉक्टरने तिच्याशी झालेले संवाद तपशिलाने टिपून ठेवले. आउगुस्टे डेटर नावाची ही स्त्री १९०६ च्या एप्रिलमध्ये वारली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अल्झायमरने तिच्या मेंदूविषयीची निरीक्षणे ट्यूबिंगेनच्या सभेत मांडली, आणि १९१० मध्ये क्रेपेलिनने आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमरचे नाव दिले. रुग्ण घराबाहेर पडला, संस्थेत आला, म्हणून कागद तयार झाला. आणि कागद होता म्हणून इतिहास झाला. जी माणसे घरीच विसरत गेली आणि घरीच मेली, त्यांचा इतिहास कुठे शोधायचा?

हा प्रश्न आमच्या भागात अधिकच टोकदार होतो. महाराष्ट्रातील पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ही ब्रिटिश अमदानीची निर्मिती आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या चारांपैकी एकही मराठवाड्यात नाही. तेव्हा वडवणीसारख्या गावात म्हाताऱ्या आईबापांना घरीच सांभाळण्याची जी रीत आपण संस्कृती म्हणून मिरवतो, तिच्यामागे संस्कृतीइतकाच दुसऱ्या कुठल्याही जागेचा अभाव उभा आहे. निवड करण्याजोगे दोन रस्ते असतात तेव्हाच एक रस्ता धरण्याला मूल्य म्हणता येते. येथे रस्ता एकच होता.

दप्तर नसले तरी भाषा असते, आणि भाषेत नोंदी राहतात. त्या नोंदी मात्र फारशा दयाळू नाहीत. 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीत थट्टा आहे. 'म्हातारचळ' या शब्दात थट्टेबरोबर चारित्र्यावरचा संशयही आहे. आज आपण आदराने वापरतो तो 'स्मृतिभ्रंश' हा शब्दही निर्दोष नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून सुरू होणारी अधःपाताची जी साखळी सांगितली आहे, तिच्यात क्रोधातून मोह, मोहातून स्मृतीचा भ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश असा क्रम येतो. तेथे स्मृती जाणे हे संयम सुटल्याचे फळ आहे. रोगासाठी आपण नकळत नीतिशास्त्रातला शब्द उचलला. 'म्हातारी मुद्दाम करते', 'सोंग घेते' असे घरोघरी म्हटले जाते, त्याची मुळे केवळ अज्ञानात नाहीत, ती या शब्दसंपत्तीतही आहेत.

सेवेचा आदर्श सांगणारी आपली सर्वांत मोठी कथा पुंडलिकाची. आईवडिलांची सेवा करणाऱ्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला विटेवर थांबवून ठेवले, ही कल्पना विलक्षणच आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पायांना देवापेक्षा अग्रक्रम देणारी. तथापि या कथेतील आईवडील आपल्या मुलाला ओळखतात. स्मृतिभ्रंशाच्या घरात ही ओळखच जाते. 'तू कोण?' असे विचारणाऱ्या, अंगावर पाणी घालणाऱ्या हाताला चावणाऱ्या, स्वतःच्याच घरात चोर शिरले म्हणून ओरडणाऱ्या आईची सेवा पुंडलिकाने कशी केली असती, याविषयी कथा मौन बाळगते. त्या घरात चूल कोणी पेटवली, अंथरुणे कोणी धुतली, याविषयीही.

स्मृती जाते तीही विशिष्ट क्रमाने जाते. अलीकडचे आधी पुसले जाते आणि जुने दीर्घकाळ टिकते. म्हणून विसरणाऱ्या माणसाच्या तोंडून अनेकदा त्या प्रदेशाचा इतिहासच बोलू लागतो. आमच्या घरी आईची अखेरची चार वर्षे अशी गेली. ती नवी सून म्हणून आली त्या सुमाराला १९७२ चा दुष्काळ पडला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, हे आम्ही पुस्तकात वाचले होते, त्या ५० लाखांतली एक आमच्या ओसरीवर बसून रोज सकाळी विचारी, "मस्टरवर नाव लावलं का माझं?" उशाखाली ती भाकरीचे तुकडे लपवून ठेवी. सुकडी वाटायला आली का, हेही विचारी. दिवेलागणीला गाठोडे बांधून उंबऱ्यापाशी उभी राही, कारण तिला घरी जायचे असे. हे घर म्हणजे माहेर. ज्या घरात तिने पन्नास वर्षे काढली ते तिला परके झाले होते, आणि जे सोडून आली तेवढेच घर उरले होते. स्वतःच्या सुनेला ती आपली सासू समजे आणि अजिजीने म्हणे, "आत्याबाई, दोन दिवस जाऊन येऊ का?" सून म्हणे, "जा की, उद्या सकाळच्या गाडीनं." या उत्तराने ती शांत होई. कोणत्याही ग्रंथातून न शिकता सुनेने जाणले होते, की येथे चूक दुरुस्त करायची नसते.

शेवटी गिळणे थांबत आले. चमच्याने पातळ पेज, दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्रीचे जागरण: अखेरच्या महिन्यांचा इतिहास एवढाच असतो आणि तो जवळजवळ सर्वस्वी बायकांच्या हाताने घडतो.

आमच्या घरात निदान मासिक पगार होता. या तालुक्यात, या जिल्ह्यात, असंख्य घरे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि कारखाने बंद झाल्यावर परततात. तेथे नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. उचल त्या जोडीवर दिलेली असते. म्हाताऱ्या आईसाठी सून मागे राहिली तर कोयता अर्धा होतो आणि घेतलेली उचल फिटत नाही. सोबत न्यावे तर फडालगतच्या कोपीत, अनोळखी मुलखात, रात्री उठून चालू लागणाऱ्या माणसाला कसे राखावे? मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना काढली आणि मुलांनी गावी आजीआजोबांजवळ राहावे असे धोरण ठेवले. योजनेचा हेतू चांगलाच आहे. परंतु तिच्यात आजी ही सांभाळणारी म्हणून गृहीत धरलेली आहे. तिलाच कोणी सांभाळायचे असेल तर काय, या प्रश्नाला रकाना नाही.

२०१३ सालच्या 'अस्तु' या चित्रपटात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी हा विषय मराठीत फार समंजसपणे आणला. त्यातला विसरणारा माणूस संस्कृतचा विद्वान आहे. विद्वानाची स्मृती जाते तेव्हा ती गेल्याचे पटकन ध्यानात येते. जिच्याजवळ कधी पुस्तकच नव्हते, तिचे विसरणे 'वय झालं' या दोन शब्दांत मिटते. आणि तरीही २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. ज्या ठिकाणी आजार जास्त, त्याच ठिकाणी त्याचे नाव सर्वांत कमी उच्चारले जाते.

नाव न उच्चारण्याची किंमत सांभाळणारा देतो. आजाराला नाव नसेल तर सांभाळण्यालाही काम म्हणून मान्यता मिळत नाही. मग त्यासाठी रजा मागता येत नाही, बुडालेल्या मजुरीचा हिशेब धरता येत नाही, चार दिवसांचा विसावा मागणेही कर्तव्यच्युती ठरते. म्हणून या घरांचा इतिहास लिहिला जाणे, ही केवळ अभ्यासकांची हौस नव्हे. कोण रात्री जागले, कोणाचा हंगाम बुडाला, कोणत्या मुलीची शाळा सुटली, शेवटचे कोणते नाव आठवणीत राहिले, एवढ्या नोंदी तरी कोणी गावोगाव बसून टिपून घ्यायला हव्यात. सांगणाऱ्या बाया अजून हयात आहेत. तोवर आमच्या वेशीत तिरडी निघते, कोणी विचारते, आणि उत्तर येते, "म्हातारपणानं गेली." या दोन शब्दांत पाच-सहा वर्षांचे एक आजारपण आणि एका बाईचे आयुष्य गडप झालेले असते.