अंगणात गेलेली शाळा

अंगणवाडी हा शब्द आपल्या हसनाबादेत घरोघरी रुळलेला आहे. परंतु तो आला कोठून, हे आपण क्वचितच विचारतो. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरिबांची मुले शाळेत येईनात. आपण त्यांना आळशी ठरवून मोकळे झालो असतो. या दोघींनी कारण शोधले. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, तर कोणापुढे गुरे! मग शाळाच अंगणात गेली. पुढे कोसबाडला ती कुरणातही पोहोचली. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने आहार, आरोग्य व शिक्षण अंगणवाडीत एकत्र आणले. शास्त्रे अनेक असोत. मूल मात्र एकच असते, हे आपण विसरू नये.