येळवस : कानडी मुलखातून आलेली अमावस्या

मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातुरात कुणाकडं काम घेऊन जाऊ नये. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात त्या गंजगोलाईत एरवी पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी दुपारी तिथं कुलपंच कुलपं. आडत बंद, कापडदुकानं बंद, चहाचा गाडा सापडला तर नशीब. वर्तमानपत्रं ‘अघोषित संचारबंदी’ असा मथळा देतात, आणि वर्षं लोटली तरी तो शिळा होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात वर्षाकाठी ज्या मोजक्या स्थानिक सुट्ट्या असतात, त्यातली एक या दिवसासाठी जाते. ११ जानेवारी २०२४ ला येळवस होती, त्याच वर्षी ३० डिसेंबरला पुन्हा आली. पुण्याच्या कॅलेंडरात ही साधी दर्श अमावस्या. इकडं दिवाळीला न आलेला पोरगाही येळवशीला येतो.

ही अमावस्या सगळ्या मराठवाड्याची नाही. लातूर आणि धाराशिव ही तिची हक्काची घरं. नांदेडात लातूरला लागून असलेल्या कंधार, लोहा, मुखेड, देगलूर या तालुक्यांत तिचा जोर. बीड-सोलापूरच्या काही भागांत ओळख. गोदावरी ओलांडून हिंगोलीच्या अंगाला गेलं की येळवस म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. उलट दक्षिणेला बिदर, कलबुर्गी, थेट विजयपूरपर्यंत तोच दिवस, तीच रानातली पूजा, तेच जेवण. तेव्हा हिचं कुळ शोधायला निघायचं तर कर्नाटकाच्या बाजूनंच निघावं लागतं.

तिकडं हिचं नाव ‘एळ्ळ अमावास्या’. एळ्ळु म्हणजे तीळ. दुसरी एक उपपत्ती सांगतात ती ‘एळु’ म्हणजे सात या शब्दावरून : ज्येष्ठापासून मोजत आलं की मार्गशीर्षाची अमावस्या सातवी येते. हिशेब सुबक आहे, पण अधिक महिना आला की मोडतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता. त्या वर्षीची येळवस आठवी पडली आणि तिचं नाव काही कुणी बदललं नाही. मला तिळाची बाजू भक्कम वाटते, कारण तीळ लावलेली भाकरी आजही या दिवशी पानात असते. मराठी मुलखात एळ्ळचं ‘येळ’ झालं. खेड्यात ‘वेळ’लाही ‘येळ’च म्हणतात, म्हणून शिकलेल्यांनी ते शुद्ध करायला घेतलं आणि ‘वेळ अमावस्या’ लिहिलं. कोणती वेळ, हे विचारायचं राहून गेलं.

कानडी सण इतक्या वर कसा आला, हा प्रश्न आजची सीमा डोक्यात ठेवून विचारला की अवघड वाटतो. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. ते लट्टलूर म्हणजे लातूर असं इतिहासकार मानतात. कंधार हे त्यांच्याच काळातलं नावाजलेलं ठाणं. नवव्या शतकात अमोघवर्षाच्या दरबारात रचलेल्या ‘कविराजमार्ग’ या ग्रंथानं कन्नड देशाची हद्द सांगितली आहे ती कावेरीपासून गोदावरीपर्यंत. येळवशीची उत्तरेकडची मर्यादा जवळपास त्याच नदीशी येऊन थांबते. यावरून राष्ट्रकूटांनी हा सण सुरू केला असं म्हणायचं नाही. राजे असले सण सुरू करत नाहीत. पण ही जमीन, ही पिकं आणि ती कसणारी माणसं फार काळ एका पट्ट्यातली होती, एवढं त्यातून दिसतं. तो पट्टा अलीकडंपर्यंत शाबूत होता. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. त्या वर्षी भाषावार वाटणी झाली आणि ते उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात आले. पुढं १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात गेले. कागद हलले, सोयरिकी तशाच राहिल्या, आणि सोयरिकीबरोबर सणही.

आता रानात काय होतं ते. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, त्यांचे शेंडे एकत्र बांधून कोप करतात. वर नवी शाल किंवा साडी. आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावायचा, हे पांडव. जोडीला लक्ष्मी. घरून आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं येतं, चुन्या-कावेच्या पट्ट्यांनी रंगवलेलं, आणि ते डोक्यावरूनच आणायचं. आता ट्रॅक्टर आणि जीपगाड्या आल्या, तरी बांधापासून कोपीपर्यंतची चार पावलं बिंदगं डोक्यावरच असतं. पूजा झाली की चर शिंपायचा : आंबील आणि नैवेद्याचे घास पिकावर शिंपत शेताला फेरी मारायची. तेव्हा जो पुकारा होतो त्यातलं ‘ओलगे, ओलगे’ मराठी नाही. पलीकडं याच विधीला ‘चरग’ म्हणतात. मराठी गडी पुकारा कानडी करतो आणि मधेच ‘हर हर महादेव’ जोडतो, त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

दुपारनंतर बोळक्यात दूध तापवून उतू घालवतात. ज्या दिशेला उतू जाईल त्यावरून पुढच्या पावसाचा अंदाज बांधायचा. दिवस मावळताना हेंडगा, म्हणजे पेटता चुडा, घेऊन पिकाभोवती पळायचं. कीड जाते, असं म्हणतात. पोरं पळतात ती मात्र कीड घालवायला नव्हे. याच सुमारास लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची जत्रा भरते, घोडे आणि लालकंधारी बैल उतरतात. येळवस झाली की पुष्कळांच्या गाड्या तिकडं वळतात.

जेवणाची यादी बघितली की सण या अमावस्येलाच का, ते कळतं. मधोमध भज्जी. हिचा आणि भज्यांचा संबंध नाही. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वालाचे दाणे, वाटाणे, मेथी, चुका आणि हाताला लागेल ती पालेभाजी, सगळं चिंचेच्या कोळात शिजवून डाळीचं पीठ लावायचं, वरून लसणाची फोडणी. बरोबर बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, जिरं-लसूण घातलेली. महिनाभर आधी हे दाणे भरलेले नसतात, महिनाभरानं वाळून जातात. रब्बीची ज्वारी तेव्हा पोटरीला किंवा फुलोऱ्याला आलेली असते, म्हणून कुणी या पूजेला काळ्या आईचे डोहाळे म्हणतात. रानात डोहाळजेवण होतं खरं, पण त्याचा स्वयंपाक आदल्या रात्रभर जागून बायाच करतात. कचेऱ्यांना सुट्टी मिळते. चुलीला कोण देणार?

शेतकऱ्याच्या जेवणाचं कौतुक दुसरीकडंही आहे, पण ते प्रत्येक ठिकाणी आपसूक होत नाही. इंग्लंडात सुट्टीच्या दिवशी गावाबाहेर पडून एखाद्या खेड्यातल्या पबात जेवायची रीत आहे. तिथल्या पाटीवर ‘प्लाउमन्स लंच’ असतं, नांगरगड्याचं जेवण : पाव, चीज, लोणच्यातला कांदा, सोबत बिअर. नाव ऐकून ते नांगराइतकंच जुनं वाटतं. नांगरगडी पाव-चीज खात आलेच होते, पण या नावानं ते पबात गाजलं ते १९५० च्या दशकात. चीजवरचं रेशनिंग १९५४ मध्ये उठलं, चीज खपवायचं होतं, म्हणून चीज ब्यूरोनं ते नाव पुढं केलं. १९६० च्या दशकात मिल्क मार्केटिंग बोर्डानं त्याचा देशभर प्रचार केला. येळवशीला असा कुणी जाहिरातदार मिळाला नाही. आता मात्र ती वेळ आली आहे. कृषी पर्यटनवाले माणशी दर लावून भज्जी-आंबील वाढू लागलेत. तक्रार नाही, शेतीत चार पैसे येत असतील तर यावेत. खुद्द शेतातही बदल झालाच आहे : सोयाबीन आणि उसानं ज्वारी मागं सारली, कडबा विकत आणावा लागतो, कुठं कुठं उसाच्या वाढ्यांची कोप उभी राहते.

पण पैसे घेऊन वाढायचं म्हटलं की या सणातली एक गोष्ट हमखास सुटते. येळवशीला रानात एकटं जेवायचं नसतं. बांधावरून जाणारा ओळखीचा असो-नसो, त्याला हाक मारायची, आणि त्यानं निदान आंबील तरी प्यायचीच. ज्याला शेत नाही त्याला आवतण आधी जातं. लातुरात बदलून आलेल्या बिनशेतीच्या बँकवाल्याला किंवा मास्तरला पहिल्याच वर्षी तीन-चार ठिकाणांहून बोलावणं येतं, आणि भिडेपोटी तो सगळ्यांना हो म्हणून बसतो. पहिल्या रानात भज्जीवर आडवा हात मारतो, दुसऱ्या रानात नुसती आंबील पितो. आंबिलीनं डोळे जड होतात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तिसऱ्या रानात तो पोचतो तो कोपीच्या सावलीला आडवा व्हायलाच, आणि चौथ्या रानातली माणसं त्याचा डबा भरून घरी पोचवतात.